सुबाभळीचा मुकादम

आमच्या सोसायटीचं नाव मेपल क्रेस्ट. मेपलचं झाड आमच्यापैकी फक्त बी विंगमधल्या चितळ्यांनी पाहिलंय, मुलाकडे कॅनडाला गेले होते तेव्हा, आणि तेव्हापासून दुसरं काही बोलत नाहीत. आमच्याकडे मेपल नाही, क्रेस्ट म्हणजे काय ते कोणाला ठाऊक नाही, पण मागे डोंगर आहे. चांगला हिरवागार. बिल्डरने त्याच डोंगराचा फोटो छापून आम्हाला फ्लॅट विकले. आता हा डोंगर हिरवा कोणी केला, असं गेटजवळ उभं राहून मोठ्याने विचारू नका. जयप्रकाश मुकादम आसपास असले तर तुमची सकाळ गेलीच म्हणून समजा.

मुकादम मागच्या गावातले. आमचा टॉवर उभा आहे ते त्यांच्या वडलांचं भाताचं शेत. नवं शहर वसवायचं म्हणून जमीन गेली तेव्हा हे विशीतले होते. शेत गेलं, करायला काही नाही, आणि डोंगरावर झाडं लावायचा ठेका घेतलेल्या एका माणसाला गावातलाच दमदार गडी हवा होता. झाले मुकादम. आडनाव मढवी, पण तेव्हापासून सगळे त्यांना मुकादमच म्हणतात. हाताखाली गावातल्याच बायका, खांद्यावर रोपांच्या ओळी आखायची दोरी, आणि गोणीत सुबाभळीचं बी.

ही सुबाभूळ त्या वेळी म्हणजे नुसतं कौतुक होतं. मेक्सिकोकडून आलेली. कोणी साहेब यायचा आणि डोंगराच्या पायथ्याशी खुर्ची टाकून सांगायचा, की हिचं लाकूड विकलं जाईल, हिचा कागद होईल, हिचं सरपण होईल, पाला गुरं खातील, जमीन सुपीक होईल. हिला पाणी नको, राखण नको, फक्त लावायची आणि बाजूला व्हायचं. मुकादम लावत सुटले. बाजूला व्हायचं मात्र त्यांना जमलं नाही. आज इतकी वर्षं झाली, ठेकेदार गेला, साहेब गेला, कागदाचा कारखाना कधी आलाच नाही, लाकूड अंगठ्याएवढ्या काटक्यांच्या पुढे गेलं नाही, पण मुकादम अजून त्या डोंगरापुढे घरचं कार्य असल्यासारखे उभे असतात.

आणि सुबाभूळ? ती काय साहेबाला विचारून थांबणार होती? डोंगर भरला तशी खाली उतरली. गटारात उगवली, स्टेशनच्या भिंतीत उगवली, तुर्भ्याच्या ट्रक टर्मिनलमागे उगवली, महापेच्या आयटीवाल्यांच्या काचेच्या इमारतीसमोर त्यांनी बोन्साय ठेवलेत त्या कुंड्यांतसुद्धा उगवली. तोडली की एका खोडाच्या जागी पाच येतात. तिच्याखाली गवत येत नाही, करवंद येत नाही, काही येत नाही. गावातल्या एका घोडेवाल्याने वरातीची घोडी तिच्या पाल्यावर पोसली, तर ऐन लग्नसराईत घोडीच्या शेपटीचे केस गळले. नवरदेवाला झिजलेल्या केरसुणीवर बसल्यासारखं वाटलं म्हणे.

मुकादमांना मात्र कुठेही एखादं रोपटं दिसलं की थांबणार, पाठीमागे हात बांधून बघणार आणि म्हणणार, माझंच हाय. पालकांना नसेल इतका अभिमान. एका नगरसेवकाने कधीतरी शाल-श्रीफळ देऊन त्यांना वृक्षमित्र म्हटलं. झालं! ते बंगल्याच्या पाटीवर आलं, स्कॉर्पिओच्या मागच्या काचेवर आलं आणि परवा नातीच्या लग्नपत्रिकेवरही आलं. निमंत्रक, वृक्षमित्र जयप्रकाश मढवी. देवांच्या नावांखाली लगेच.

मी त्यांना हसते, पण मला ते आवडतात, हेही सांगून टाकते. मी वैजयंती, ए विंग, पाचवा मजला, मूळची गुहागरकडची. टेलिफोन खात्यातून रिटायर झाले आणि एकटी राहते. सोसायटीत पाणी नसलं की टँकर मुकादमांच्या पुतण्याचा येतो, त्यामुळे आमची सगळी कमिटी त्यांच्याशी गोड बोलते. मी नुसती बोलते. म्हणून त्यांचं माझ्याकडे येणं-जाणं जास्त.

तर नातीचं लग्न. जागृती, महापेला कंपनीत कामाला, हुशार पोरगी, नवरा जासईचा. आगरी घरातलं लग्न म्हणजे काय असतं ते बाहेरच्याला सांगून कळत नाही. हळदीला डीजे, ड्रोन, स्टेजवर पाण्याचा धबधबा, सगळं ठरलं होतं. पण जागृतीने आजोबांना एकच गोष्ट मागितली होती. मांडव उंबराचा हवा आणि धवला राजाबाईने गायला हवा.

धवला म्हणजे लग्नाची जुनी गाणी, आणि ती गाऊन लग्नाचे विधी करणारी बाई ती धवलारीण. पूर्वी यांच्यात भटजीआधी तीच. गावात आता एकच उरलीय, राजाबाई. दात अर्धे, आवाज पूर्ण. तिचा नियम असा, की मांडवाला खऱ्या उंबराची फांदी हवी, ती झाडाला विचारून आणलेली हवी, त्याशिवाय ती तोंड उघडत नाही. मागच्या सालातल्या एका लग्नात डेकोरेटरने प्लॅस्टिकची फांदी लावली होती. राजाबाईने हात लावून पाहिला, विड्याचं ताट उचललं आणि घरी निघून गेली. मग तिथे डीजेवाल्यानेच धवला मोबाइलवरून लावला. जागृतीने ते पाहिलं होतं आणि तिला रडू आलं होतं. ती म्हणाली, माझ्या लग्नात असं झालं तर मी कोर्टात सही करून येईन, तुमचा धबधबा तुम्हाला ठेवा.

पत्रिका पूजायच्या दिवशी, सगळी भावकी ओटीवर बसलेली असताना, राजाबाईने मुकादमांना विचारलं, उंबर कुठला आणणार. गावच्या विहिरीवरचा उंबर तर तिथे व्यायामशाळा झाली तेव्हाच गेला होता. मुकादम मिशीवर हात फिरवून म्हणाले,

"डोंगराचा. डोंगर कोनाचा हाय?"

भावकी हसली. राजाबाई हसली नाही, असं जागृतीने मला नंतर सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मुकादम दोन पुतण्यांना घेऊन डोंगरावर गेले. सकाळी गेले ते दुपारी उतरले. त्यानंतर दुसऱ्या बाजूने चढले. मग फॉरेस्टवाल्यांच्या कुंपणापलीकडे गेले. सगळीकडे सुबाभूळ. इतकी दाट, की आत शिरायला कोयता चालवावा लागत होता, आणि कोयता चालवून आत गेलं की पुढे परत सुबाभूळ. वर चपट्या शेंगा वाऱ्यावर खुळखुळतायत आणि हा माणूस आपल्याच झाडांत उंबराचं एक पान शोधत फिरतोय. पुतण्यांनी सुचवलं, काका, नर्सरीतून कुंडीतला आणू. राजाबाईने निरोप पाठवला, कुंडीतला उंबर दुकानदाराचा, त्याला काय विचारायचं? कर्जत बाजूच्या एका पाहुण्याकडून आणायचं म्हटलं तर तिथेही ती अडलीच. म्हणे, ज्याच्या पाण्यावर घर, त्याच मातीतला उंबर. दुसऱ्याच्या गावचा देव उसना आणतात का?

एक सांगते, मला त्या बाईचा राग आला होता. ना नात्याची, ना गोत्याची, कोणाची कोण, आणि अख्खं घर वेठीला धरलंय. पण मुकादमांचा चेहरा बघून तो राग तोंडातच राहिला. माणूस उतरला होता. भावकीसमोर शब्द दिलेला, लग्न तोंडावर आलेलं, आणि नात रोज संध्याकाळी कामावरून आली की फक्त त्यांच्याकडे बघायची.

अशा वेळी ते मला पत्रिका द्यायला आले. अक्षता दिल्या, चहा घेतला. मी विचारलं, पूर्वी होते का हो डोंगरावर उंबर? म्हणाले, होते ना, वहाळावर होते, म्हणजे तो पावसाळी ओढा येतो ना खाली, त्याच्या काठाला. मग गेले कुठे? कपाकडे बघत म्हणाले, सुकले असतील. मी विषय सोडला आणि माझं रडगाणं सुरू केलं.

माझं रडगाणं म्हणजे माझं बाथरूम. त्याची भिंत गळते. मागच्या डक्टमध्ये, जिथून सगळ्या मजल्यांचे सांडपाण्याचे पाइप खाली जातात, तिथे पाइपाच्या जोडात एक झाड उगवलंय, त्याची मुळं आत शिरलीत. तक्रारी करून माझ्या जिभेला फोड आले. सेक्रेटरी दिनानाथ सबनीस, सोलापूरकडचे, अत्यंत शिस्तीचे गृहस्थ, प्रत्येक तक्रारीला "नोंद घेतली आहे" म्हणतात. शेवटी मी सभेत आवाज चढवला तेव्हा कुठे केमिकलवाला ठरला. सोमवारी तो दोरीवरून उतरून मुळांत ॲसिड ओतणार होता.

यात अजून एक गंमत आहे. आमच्या पार्किंगमध्ये सुबाभळीची झाडं आहेत. त्यांच्या शेंगा गाड्यांवर पडतात, रोपं पेव्हर ब्लॉकमधून वर येतात, एक फांदी तर सबनीसांच्याच गाडीवर पडली. कमिटीने ती तोडायची परवानगी मागितली तर महापालिकेचा साहेब येऊन बघून गेला आणि म्हणाला, वृक्ष आहे, वृक्षाला हात लावता येणार नाही. खोडावर नंबर रंगवून गेला, वर दंडाची ताकीदही देऊन गेला. मी त्याला म्हटलं, माझ्या बाथरूमच्या मागचं झाडही बघा. त्याने मान वाकडी करून वर पाहिलं आणि म्हणाला, मॅडम, ते झाड नाही, ती इमारतीतली अनावश्यक वाढ आहे, तुमच्या पातळीवर काढा. मेक्सिकोहून आलेल्याला नंबर, आणि इथल्याला ॲसिड. मला तेव्हा त्यातलं काही कळलं नव्हतं, मी खूश होऊन घरी आले होते.

मुकादमांनी सहज, माझं मन राखायचं म्हणून विचारलं, बघू कुठंय झाड. मी त्यांना बाथरूममध्ये नेलं, खिडकीची काच सरकवली. हात लांब केला तर पानाला लागेल इतकं जवळ. कंबरेएवढं उंच, वेडंवाकडं, पाइपाला मिठी मारून बसलेलं. मुकादम बघत राहिले. मग एकदम म्हणाले,

"वयनी, हा उंबर हाय."

मी म्हटलं, असेल, आमच्या सगळ्यांच्या संडासाच्या पाण्यावर पोसलाय. त्यांनी ते ऐकलंच नाही. त्या माणसाच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, माझ्या बाथरूममध्ये, माझ्या फिनेलच्या बाटलीशेजारी उभं राहून. त्यांनी तिथूनच जागृतीला फोन लावला आणि तसाच माझ्या हातात दिला. मीच सांगितलं, मिळाला गं बाई तुझा उंबर.

पण मिळाला म्हणजे काय? झाड सोसायटीचं. डक्ट सोसायटीचा. फांदी हवी तर कमिटी बसणार. बसली. एका हातभर फांदीवर आमच्या कमिटीने जितकी चर्चा केली तितकी लिफ्ट पडली तेव्हा केली नव्हती. एकाचं म्हणणं, आज यांना फांदी दिली तर उद्या दुसरं लग्नघर येईल, पायंडा पडेल. दुसऱ्याने विचारलं, हे धार्मिक कार्य होतं का, असेल तर सगळ्या सभासदांची संमती लागेल. चितळे म्हणाले, कॅनडात असं चालत नाही. तेवढ्यात कोणीतरी आठवण करून दिली की टँकर कोणाचा येतो, आणि मग सगळ्यांना परंपरेबद्दल एकदम आदर वाटायला लागला. सबनीसांनी तोडगा काढला. फांदी न्या, पण सगळं झाडच मुळासकट तुम्ही काढून न्या, आणि पाइपाचा जोडही तुमच्या प्लंबरकडून बंद करून द्या. म्हणजे मांडवही सजेल आणि केमिकलवाल्याची गरजही उरणार नाही.

मुकादम लगेच हो म्हणाले. सुटले बिचारे. मीही हो म्हटलं, खोटं कशाला बोलू? माझी भिंत कोरडी होणार होती. सबनीस तर स्वतःवर इतके खूश होते की त्यांनी मिनिट्समध्ये स्वतःचं अभिनंदन लिहून घेतलं.

हळदीच्या आदल्या संध्याकाळी राजाबाई झाडाला विचारायला आली. पाइपावरचा का होईना, उंबर मुकादमांच्या वडलांच्याच शेतावर उगवलेला, म्हणून तिची हरकत नव्हती. हा विधी यांच्याकडे पूर्वी वहाळाच्या काठी व्हायचा. आता माझ्या बाथरूममध्ये. मी सकाळपासून घासत होते. बादली, मग, ब्रश सगळं बाहेर काढलं, कमोडवर चादर टाकली, वर रांगोळी काढावी की नाही याचा विचार करत होते. राजाबाई आली, नऊवारी गुडघ्यापर्यंत नेसलेली, हातात ताट. तिने एकदा बाथरूमकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि प्लॅस्टिकच्या स्टुलावर चढून बसली. मागे मुकादम कोयता घेऊन. त्यांच्यामागे जागृती, ऑफिसचं ओळखपत्र अजून गळ्यात. दारात सबनीस, चप्पल बाहेर काढून, सोसायटीतर्फे देखरेख करायला. माझ्या घरात एवढी माणसं मी रिटायर झाले त्या दिवशीही आली नव्हती.

राजाबाईने खिडकीतून हात बाहेर काढून खोडाला हळद लावली, कुंकू लावलं, सुताचा वेढा दिला, पाइपाच्या कॉलरवर सुपारी ठेवली. वरून कोणीतरी फ्लश केला, पाइपातून पाणी धडधडत गेलं, ती थांबली, पाणी जाऊ दिलं आणि गायला लागली. शब्द मला पुरते कळले नाहीत. तू आमच्या घरचा मोठा, आमच्या पोरीच्या मांडवाला ये, असं काहीतरी होतं. मी नास्तिक नाही, पण देवभोळीही नाही, तरी माझ्या अंगावर काटा आला.

गाणं संपलं. राजाबाईने मान न वळवता मुकादमांना सांगितलं,

"कोन आलाय, ते सांग त्याला."

मुकादम पुढे झाले, खोडाला हात लावला, घसा साफ केला. सवयीचा माणूस. त्यांच्या तोंडून आपोआप निघालं, मी वृक्षमित्र जयप्रकाश...

"ते त्याला नको सांगू," राजाबाई म्हणाली. "मी होते तवा तिथं. मजुरीला होते तुज्याच हाताखाली."

मुकादमांचा हात खोडावरच राहिला. सबनीसांनी घड्याळ पाहिलं. मग मुकादम बोलले, पण आमच्याशी नाही, त्या झाडाशी.

"मी जयप्रकाश. वहालावरचे तीन उंबर मीच तोडले. दोरीच्या लायनीत येत होते. साहेब बोलला लाकूड कामाचं नाय, म्हनून तोडले, आन् तिथं सुबाभूल लावली. आता तुज्याकडं मागाया आलोय."

जागृतीने ओढणी तोंडाला लावली. मला खरं तर तेव्हा त्यांची दया यायला हवी होती. आली नाही. उलट इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या माणसाविषयी मला आदर वाटला.

राजाबाईने विचारलं, काय नेणार तेही सांग. उंबराला खोटं सांगून नेलेली फांदी मांडवात टिकत नाही. आणि मग तिने विधीचा अर्थ सांगितला, आमच्याकडे बघून, शाळेतल्या मुलांना सांगावं तसा. एक फांदी न्यायची आणि झाड ठेवायचं. पुढच्या लग्नाला घरातली माणसं परत त्याच झाडाकडे येतात. मुळासकट नेला, तर पुढच्या वेळी कोणाला विचारणार?

मुकादमांनी कोयता उचलला. मुळापाशी नाही, वर, बाजूला फुटलेल्या एका फांदीपाशी. म्हणाले, एकच नेतो.

सबनीसांनी दारातून खाकरून आठवण करून दिली, की ठराव मुळासकटचा आहे, आणि तसं नसेल तर सोमवारी केमिकलवाला येणारच, कारण शेवटी प्रश्न वैजयंतीताईंच्या लेखी तक्रारीचा आहे. टँकरचं नाव कोणी काढलं नाही. मुकादमांनीही काढलं नाही, आणि ते काढू शकले असते. ते फक्त माझ्याकडे वळले. राजाबाई वळली. जागृतीही. मी माझ्या भिंतीकडे पाहिलं. पोपडे पडलेले, ओलीचा डाग छतापर्यंत गेलेला.

"तक्रार मागे घेतली," मी म्हटलं.

सबनीसांना ते झेपेना. गळतीचं काय, त्यांनी विचारलं, मिनिट्समध्ये काय लिहू, ही गळती किती वर्षं चालणार? कोयत्याचा एकच घाव बसला आणि फांदी मुकादमांच्या हातात आली, पांढरा चीक गळत होता. जागृतीने ती पदरात घेतात तशी ओढणीत घेतली.

"लिहा," मी सबनीसांना म्हटलं, "हिला मुलगी होऊ दे, ती मोठी होऊ दे, तिच्या मांडवाला फांदी लागेल. तोवर मी खाली बादली ठेवते."